शाळेनंतरच्या मुलांच्या मंडळाची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना एका खोलीत जमवून वाचन, गणिताचा सराव, खेळ, वादसभा असे उपक्रम घेणारी मंडळे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. बहुतेक विनानोंदणीच सुरू होतात. नोंदणीची निकड लागते ती नंतर, जेव्हा देणगीदार विचारतो की धनादेश कोणाच्या नावाने काढू, किंवा शाळा विचारते की संध्याकाळी वर्ग वापरायला द्यायचा तर पत्र कोणाच्या नावाने करायचे. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात देणग्या घेत राहणे सगळ्यांत धोक्याचे. तो पैसा मंडळाचा की त्या माणसाचा, हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

एक गैरसमज आधी दूर करू. सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम 41-क खाली मिळणारी परवानगी म्हणजे मंडळाची नोंदणी नव्हे. ती त्या उत्सवापुरती आणि मर्यादित मुदतीची असते. त्या कागदावर वर्षभराचा अभ्यासवर्ग चालवता येत नाही.

कोणता मार्ग घ्यावा

मार्ग तीन आहेत: विश्वस्तपत्र करून न्यास (ट्रस्ट), संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था, किंवा कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. मुलांच्या मंडळाला संस्था हाच मार्ग सोयीचा. सभासद, निवडणूक आणि ठरावीक मुदतीचे कार्यकारी मंडळ हे सारे तिच्या रचनेतच असते. विश्वस्तपत्रात सूत्रे मोजक्या विश्वस्तांकडे राहतात, आणि कंपनीचे वार्षिक अनुपालन लहान मंडळाला पेलवत नाही.

महाराष्ट्रात संस्था काढली की काम दुहेरी होते. धर्मादाय हेतूने नोंदलेली संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 नुसार सार्वजनिक न्यासही ठरते. म्हणून आधी सहायक संस्था निबंधकांकडे संस्था म्हणून नोंदणी आणि मग सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांकडे कलम 18 खाली न्यास म्हणून नोंदणी, असे दोन टप्पे पार करावे लागतात. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात. पहिले प्रमाणपत्र हातात आले की काम झाले असे समजून बरीच मंडळे थांबतात. कलम 18 चा अर्ज करायला तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटली तर विलंबमाफीचा अर्ज आणि त्याची कारणे द्यावी लागतात.

पात्रता

किमान सात सज्ञान व्यक्ती हव्यात. व्यवहारात नऊ ते अकरा घ्याव्यात, म्हणजे एक-दोघे बाहेर पडले तरी संख्या सातखाली जात नाही. सातही जण एकाच घरातले असू नयेत. कायद्यात असा थेट मज्जाव नसला तरी पुढे आयकर सवलत किंवा कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मागताना पहिली शंका तिथेच काढली जाते. सदस्यांपैकी कोणी शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असेल, तर सेवानियम तपासून लागेल ती लेखी परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवावी.

हेतू कायद्यात बसायला हवा. 1950 च्या अधिनियमाचे कलम 9 धर्मादाय हेतू सांगते: गरिबी किंवा संकटाचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, सार्वजनिक उपयोगाची इतर कामे. त्यातच समाजकल्याण आणि लोकहितासाठी करमणुकीच्या व फावल्या वेळेच्या सोयी पुरवणे हाही स्वतंत्र हेतू आहे. म्हणजे तुमचा अभ्यासवर्ग शिक्षणात बसतो, आणि मैदानावरचे खेळ, नाटक, सुट्टीतले शिबिर फावल्या वेळेच्या सोयींत. उद्दिष्टे लिहिताना दोन्हींचा उल्लेख करावा.

विधानपत्र आणि नियमावली: इथे वेळ घालवा

कार्यालयासमोर टंकलेखन करणाऱ्यांकडे घटनेचा, म्हणजे विधानपत्र आणि नियमावलीचा, तयार नमुना मिळतो. त्यात आरोग्य, पर्यावरण, शेती, वृद्धाश्रम, गोशाळा अशी तीस-चाळीस उद्दिष्टे आधीच छापलेली असतात. नोंदणी त्यावरही होते, म्हणून लोक तोच घेतात. अडचण पुढे येते. निधी देणारा किंवा आयकर अधिकारी तुमचे काम उद्दिष्टांशी ताडून बघतो तेव्हा त्या चाळिसांत शाळेनंतरचा वर्ग नेमका सापडत नाही. पूजाअर्चेची उद्दिष्टे त्यातच मिसळलेली असतील तर देणगीदारांना मिळणाऱ्या आयकर सवलतीलाही (80जी) ती आड येतात. म्हणून पाच-सहाच उद्दिष्टे, आपल्या कामाच्या शब्दांत लिहावीत. पहिले असे लिहिता येईल:

«6 ते 18 वयोगटातील मुलामुलींसाठी जात, धर्म, लिंग किंवा भाषा असा कोणताही भेद न करता, शाळेच्या वेळेव्यतिरिक्त अभ्यासवर्ग, वाचनालय, खेळ, कला व गटकार्याच्या सोयी उपलब्ध करणे आणि त्यातून त्यांची अध्ययनकौशल्ये व नेतृत्वगुण वाढवणे.»

विधानपत्रात कायद्याने तीनच गोष्टी लागतात: संस्थेचे नाव, उद्दिष्टे, आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते, व्यवसाय व पदे. त्यावर सातही जणांच्या सह्या. बाकी सारे नियमावलीत: सभासदत्व कसे मिळते व कसे संपते, वर्गणी, कार्यकारी मंडळाची मुदत, सभेची सूचना किती दिवस आधी, गणसंख्या, बँक खात्यावर सह्या कोणाच्या, हिशेबाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, आणि विसर्जनाचे कलम. विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, समान हेतूच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, हे स्पष्ट लिहा. हे वाक्य नसल्यास आयकर नोंदणी अडते.

आता या कामाचा गाभा. मुलांमध्ये नेतृत्व घडवायचे म्हणून संस्था काढायची आणि नियमावलीत मुलांचा एका ओळीतही उल्लेख नाही, असे जवळजवळ प्रत्येक घटनेत दिसते. अठराखालची मुले कार्यकारी मंडळावर येऊ शकत नाहीत हे खरे, पण त्यांची समिती नियमावलीत घालायला कोणतीही आडकाठी नाही. कलम असे असावे:

«मुलांची समिती: वयाची 12 वर्षे पूर्ण केलेल्या, वर्गात नाव नोंदवलेल्या मुलामुलींमधून दर सहा महिन्यांनी गुप्त मतदानाने सात जणांची समिती निवडली जाईल. समितीचे लेखी ठराव कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत मांडणे सचिवावर बंधनकारक राहील. ठराव नाकारल्यास त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवून समितीला कळवले जाईल. पुस्तके व खेळसाहित्यासाठीची तरतूद समितीच्या शिफारशीशिवाय खर्च केली जाणार नाही.»

ही समिती सल्लागार स्वरूपाची आहे आणि तिचे सदस्य विश्वस्त नाहीत, हेही त्याच कलमात लिहा. तसे लिहिले की दर सहा महिन्यांच्या निवडणुकीनंतर धर्मादाय कार्यालयात बदल कळवावा लागत नाही. मुलांना मात्र खरा अधिकार मिळतो: त्यांच्या पुस्तकांचा पैसा त्यांना विचारल्याशिवाय खर्च होत नाही, आणि नकार मिळाला तरी तो कारणासह मिळतो.

कागदपत्रे

पहिल्या टप्प्यासाठी विधानपत्र, नियमावली, सर्व सभासदांची सह्यांसह यादी, पहिल्या सभेचा ठराव, एका सदस्याला अर्ज दाखल करण्याचे व त्रुटी दुरुस्त करण्याचे अधिकार देणारे सर्वांच्या सह्यांचे अधिकारपत्र, प्रत्येकाच्या ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची साक्षांकित प्रत, छायाचित्रे आणि प्रतिज्ञापत्र लागते. कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचे नाहरकतपत्र आणि त्याच्याच नावाचे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती जोडा. नाहरकतपत्र वडिलांच्या नावाचे आणि वीजबिल आजोबांच्या नावाचे असले की अर्ज त्रुटीत निघतो. अशा वेळी घरपट्टीचा उतारा जास्त उपयोगी पडतो.

दुसऱ्या टप्प्यात कलम 18 च्या अर्जात न्यासाचे नाव, विश्वस्तांची नावे व पत्ते, विश्वस्त बदलण्याची रीत, स्थावर-जंगम मालमत्तेची यादी व तिची अंदाजे किंमत, सरासरी वार्षिक उत्पन्न व खर्च, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता द्यावा लागतो. विश्वस्तांची संमतीपत्रे सोबत जोडावीत. नव्या मंडळाकडे मालमत्ता नसते, तरी रकाना कोरा सोडू नये. सभासदांनी जमा केलेली सुरुवातीची रक्कम, मग ती हजार रुपये का असेना, जंगम मालमत्ता म्हणून दाखवावी.

नावाचे आणि स्पेलिंगचे

आधी नाव उपलब्ध आहे का ते तपासा. त्याच कार्यालयात तेच किंवा फार जवळचे नाव नोंदलेले असेल तर बदलावे लागते, म्हणून तीन पर्याय तयार ठेवा. शासकीय वाटावे असे नाव टाळा.

पहिल्याच ठरावात संस्थेचे मराठी नाव आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग, दोन्ही एकदाच मंजूर करून घ्या. प्रमाणपत्र मराठीत आणि पॅन कार्ड इंग्रजीत असते. «विद्यार्थी» हा शब्द इंग्रजी लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतो. पॅनवर एक, बँकेत दुसरे आणि स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवर तिसरे स्पेलिंग पडले की पडताळणी फसते आणि पॅन दुरुस्त करून घेण्यात आठवडे जातात. सदस्यांच्या नावांचेही तसेच. आधारवर जसे नाव आहे, आडनावाच्या क्रमासकट, तसेच सगळीकडे लिहा.

अर्ज ते प्रमाणपत्र

अर्ज धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या पोर्टलवर भरायचा आणि मूळ कागद ज्या जिल्ह्यात संस्थेचा पत्ता आहे तिथल्या कार्यालयात द्यायचे. आवक शिक्का असलेली स्वतःची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्रुटी निघाल्यास त्या लेखी मागा आणि सगळ्या एकदम दुरुस्त करा. अधिकारपत्र नीट केलेले असेल तर त्यासाठी सातही जणांना पुन्हा बोलवावे लागत नाही.

कलम 18 च्या अर्जावर कलम 19 खाली चौकशी होते. तारीख मिळते, अर्जदाराला शपथपत्रावर पुरावा द्यावा लागतो, हरकत आल्यास तीही ऐकली जाते. निष्कर्ष नोंदवून झाल्यावर न्यासाचे नाव नोंदवहीत चढते. प्रमाणपत्राबरोबरच परिशिष्ट एकचा उतारा मागून घ्या. बँक आणि निधी देणारे दोन्ही तो मागतात, कारण विश्वस्त कोण हे त्यातच दिसते. पॅन, बँक खाते आणि आयकराची सवलत ही कामे त्यानंतरची. आयकर सवलत धर्मादाय नोंदणीसोबत आपोआप मिळत नाही.

मुलांच्या बाबतीतली जास्तीची जबाबदारी

दिवसा, शाळेनंतर काही तास चालणाऱ्या वर्गाला बालगृहासारखी नोंदणी लागत नाही. मुलांना निवासी ठेवले तर बाल न्याय अधिनियम 2015 लागू होतो आणि त्याची नोंदणी वेगळी. तेव्हा «गरजू मुलांची राहण्याची सोय करणे» हे उद्दिष्ट सहज म्हणून लिहू नका.

पॉक्सो कायदा 2012 मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली तर कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावेच लागते. मंडळाने आधी आपली चौकशी करावी, मग बघू, अशी मुभा कायद्यात नाही. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत लपवल्यास ती एक वर्षापर्यंत जाते. प्रत्येक मुलामागे पालकाचे लेखी संमतीपत्र, घरी कोण न्यायला येणार याची नोंद आणि बाल हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक भिंतीवर, एवढे वर्ग सुरू होण्याआधी झालेले हवे.

नोंदणीनंतर

हिशेब 31 मार्चला बंद करून लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांत दाखल करायचा. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी द्यायची. इमारत किंवा जागा विकायची, बक्षीस द्यायची, तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची किंवा न्यासाच्या नावे कर्ज काढायचे, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

सर्वात जास्त मंडळे अडकतात ती बदल अर्जावर, ज्याला कार्यालयात सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. कार्यकारी मंडळ बदलले, कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, पत्ता बदलला, की 1950 च्या अधिनियमाच्या कलम 22 खाली 90 दिवसांत अर्ज करायचा. एक अर्ज राहिला की पुढचा अडतो, कारण नव्या मंडळाला निवडणारी सभा ज्यांनी बोलावली त्यांचीच नावे परिशिष्ट एकवर नसतात. दहा वर्षांनी ही साखळी मागून जोडायची तर त्या-त्या वेळच्या सभांच्या सूचना, हजेरी आणि इतिवृत्त लागतात. म्हणून सभेची सूचना पोचल्याच्या सह्या, हजेरीपट आणि राजीनाम्याची मूळ प्रत एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा, आणि सभा झाली त्याच आठवड्यात अर्जाचा मसुदा करा.

उद्दिष्टे बदलायची असतील तर मात्र साधा ठराव चालत नाही. संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम 12 नुसार विशेष सभेत तीन-पंचमांश मते आणि महिन्याभरानंतरच्या दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तितकीच मते लागतात.