रंग तेलात उतरला की पाण्यात?

सांगली-साताऱ्याकडे रश्शाची परीक्षा तर्रीवरून होते. वर लालभडक कट आला नाही तर रस्सा जमला नाही, असं पाहुणेसुद्धा तोंडावर सांगतात. तो लाल रंग मिरचीतल्या कॅप्सॅन्थिनचा. पाण्याशी त्याचं जमत नाही, तेलात मात्र तो लगेच विरघळतो, म्हणून कटाबरोबर वर येतो. गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल आणि तांबड्या भोपळ्याचा पिवळा रंग त्याच कुळातले. या कुळाला कॅरोटिनॉइड म्हणतात. बीट, लाल माठ, जांभूळ यांचे रंग मात्र पाण्यात उतरतात. शिजताना रंग कुठे उतरतोय एवढं पाहिलं, तरी भाजी कशी करावी याचं निम्मं उत्तर मिळतं.

आधी तेलवाल्यांचं बघू. गाजर कच्चंच खावं, असं अनेकांना वाटतं. पण त्यातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, ते पेशींच्या चिवट भिंतींमागे अडकलेलं असतं. नुसतं चावून त्यातलं थोडंच सुटतं. शिजवलं की भिंती मऊ पडतात, आणि सोबत तेल-तूप असलं की सुटलेलं कॅरोटीन आतड्यातून रक्तात जातं. टोमॅटोतल्या लाल रंगाचं, म्हणजे लायकोपीनचंही तसंच: कच्च्या फोडींपेक्षा फोडणी दिलेल्या टोमॅटोच्या सारातलं शरीराला जास्त मिळतं. कोशिंबीरच करायची असेल तर गाजर किसून दाण्याचं कूट घाला आणि वरून फोडणी द्या. तर्री पिणाऱ्यांनी याचा सोयीस्कर अर्थ काढू नये. एका जेवणात चमचाभर तेलावर हे काम भागतं.

हे सगळं एका पातेल्यात पाहायचं तर भोगीची भाजी. जानेवारीत गाजर, काटेरी वांगी, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे सगळं एकदम बाजारात येतं आणि एकाच भाजीत पडतं. तीळ आणि दाण्याचं कूट घालून रस्सा रटरटायला लागला की कडेनं तेल सुटतं आणि ते केशरी झालेलं असतं. कुटाचं तेल गाजराचा रंग ओढून घेतं तो हा क्षण. वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. भोगीला आपण त्याच्या जवळपास पोचतो. एरवी आपल्या ताटात दोन-तीन भाकऱ्या आणि वाटीभर भाजी असते, आणि ती भाजीही तोंडी लावायला. पहिली सुधारणा व्हायला हवी ती इथे.

आता पाणीवाले. बीट आणि लाल माठ यांच्या गुलाबी-लाल रंगाला बीटालेन म्हणतात. (बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते. ती याचीच करामत, घाबरून डॉक्टर गाठायचं कारण नाही.) पुष्कळ घरांत माठ उकडून, पिळून, पाणी मोरीत ओततात. त्या लाल पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब-गटातलं जीवनसत्त्वही जातं, कारण तीही पाण्यात विरघळणारी. त्यापेक्षा लसणाच्या फोडणीत माठ नुसताच परतावा. पानांना धुतल्याचं पाणी असतं तेवढं पुरतं. उकडायचाच असेल तर ते पाणी आमटीत ओता.

वांग्याच्या सालीचा, काळ्या द्राक्षाचा आणि स्ट्रॉबेरीचा रंग अँथोसायनिनचा. तोही पाण्यात उतरणारा, शिवाय आंबटात लाल आणि सोड्यात निळा-हिरवा होणारा. रश्शात वांगी तपकिरी पडतात आणि तेलावर परतलेलं भरलं वांगं बरंच जांभळं राहतं, कारण तेलात हा रंग विरघळत नाही.

हिरव्याची तऱ्हा वेगळी. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की तो निसटतो आणि पालेभाजी शेवाळी दिसू लागते. ताकातला चाकवत शेवाळीच दिसणार, त्यात बिघडलं काही नाही. बिघडतं ते हिरवागार रंग टिकवायला चिमूटभर सोडा टाकला तर. रंग टिकतो, पण भाजीचा लगदा होतो आणि ब-१ आणि क जीवनसत्त्वं नष्ट होतात. त्याऐवजी झाकण न ठेवता मोठ्या आचेवर थोडा वेळ शिजवा. वाढताना लिंबू पिळलं तर पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र उलट होतं.

आणि हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कपड्यावर हळदीचा डाग पडला की साबण लावताच तो लाल होतो आणि खळबळून धुतला की परत पिवळा. साबण अल्कधर्मी, म्हणून हा बदल. हळदीला चुना लावून कुंकू होतं तेही यामुळेच. तोच डाग उन्हात वाळवला की फिका पडतो, कारण हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, प्रकाशात टिकत नाही. म्हणूनच हळदीचा डबा काचेचा नको. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी काही जणांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतलं पिपेरीन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात पोचणारं कर्क्युमिन सुमारे वीसपट झालं. हा आकडा हळद-दूध विकणाऱ्यांना फार आवडतो. पण हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. भाजीत हळद जरूर घाला, तिच्याकडून औषधाची अपेक्षा मात्र ठेवू नका.

फळांना चुलीची गरज जवळपास नाहीच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ताजी खाल्ली तर रंग आणि क जीवनसत्त्व दोन्ही मिळतात. जॅममध्ये दोन्ही कमी होतात आणि साखर वाढते. तासगावकडचे बेदाणे घेताना पिवळेधमक निवडायची आपली सवय आहे. तो रंग टिकवायला त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. तपकिरी बेदाणे दिसायला डावे, पण खायला काहीच हरकत नाही, आणि दमा असलेल्यांनी तर तेच घ्यावेत, कारण गंधकाच्या धुरीचा काहींना त्रास होतो.