कमी धुराची चूल आणि धुराचा कायदा: पार्श्वभूमी

मुंबईतील हवाप्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन चालवलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी एक आदेश दिला. शहरातील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी आणि खाद्यगृहांनी सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे त्यात सांगितले होते. गोव्याला हा आदेश लागू झाला नाही. तथापि गोव्यातील पर्वरीचे खंडपीठ हे त्याच न्यायालयाचे असल्यामुळे आणि पहाटेच्या पोई-उंडे या पावांसाठी आजही लाकडावर भट्टी तापवणारे पोदेर, म्हणजे पाववाले, येथे असल्यामुळे, जेथे धुरावर निर्बंध आहेत किंवा उद्या येऊ शकतात तेथे कोणती चूल, कोणती भट्टी चालेल, हा प्रश्न गोव्यातही केवळ पुस्तकी राहिलेला नाही. बाजारात ‘धूरविरहित’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूंपैकी एखादी निवडण्यापूर्वी हा शब्द कोणत्या मोजमापावर टेकलेला आहे हे पाहावे लागते, आणि त्या मोजमापाला बराच जुना इतिहास आहे.

धुराविरुद्ध राजाज्ञा काढण्याची प्रथा लंडनला चौदाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात होती. पहिल्या एडवर्डने १३०६च्या सुमारास दगडी कोळसा जाळण्यास मनाई केली, पण लाकूड महाग आणि कोळसा स्वस्त असल्यामुळे ती मनाई टिकली नाही. प्रश्नाला आजचे कायदेशीर रूप मिळाले ते ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत, जेव्हा थंड हवेचा थर शहरावर झाकणासारखा बसला आणि घराघरांतल्या शेगड्यांचा धूर खालीच कोंडला गेला. त्या काळात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा पहिला अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. चार वर्षांनी, १९५६ साली, ब्रिटिश संसदेने स्वच्छ हवा कायदा केला आणि स्थानिक संस्थांना धूर-नियंत्रण क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार दिला.

या कायद्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे, कारण पुढची सारी चर्चा तिच्यातून निघाली. क्षेत्रात राहणाऱ्याला दोन वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या: एकतर मान्यताप्राप्त कमी धुराचे इंधन कोणत्याही शेगडीत जाळावे, किंवा सूट मिळालेल्या उपकरणात त्या उपकरणासाठी नेमून दिलेले इंधन जाळावे. लाकूड पहिल्या यादीत बसत नाही. त्यामुळे लाकूडच जाळायचे असेल तर चूलच तपासून मान्य झालेली असावी लागते. त्या तपासणीत चुलीने तासाला साधारण ५ ग्रॅम, अधिक तिच्या उष्णताक्षमतेतील दर ०.३ किलोवॅटमागे ०.१ ग्रॅम, इतकाच धूर सोडावा, अशी मर्यादा घालण्यात आली. धूर डोळ्यांनी पाहून ठरवण्याची सवय तोवर मुरलेली होती. एकोणिसाव्या शतकात रिंगेलमान या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलेला करड्या छटांचा तक्ता हातात धरून धुराड्याच्या तोंडाशी रंग जुळवून पाहत असत. छटेकडून वजनाकडे झालेली ही वाटचाल मला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना वाटते, कारण सर्वांत घातक सूक्ष्म कण डोळ्यांना दिसतच नाहीत.

हिंदुस्थानात ब्रिटिशांनी धूर-उपद्रवाचे कायदे याहून बरेच आधी आणले होते. बंगालचा १९०५चा, मुंबई इलाख्याचा १९१२चा. त्यांचा रोख गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता, घरच्या चुलीवर नव्हता, आणि गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असल्यामुळे येथे त्यांचा संबंधच आला नाही. मात्र मुक्तीनंतर वीस वर्षांनी संसदेने केलेला १९८१चा हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम गोव्यालाही लागू आहे, आणि त्याचे कलम १९ वाचताना १९५६च्या त्या कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राज्य सरकारने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून एखादा प्रदेश हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून घोषित करावा, तेथे मान्य नसलेले इंधन वापरण्यास मनाई करावी, आणि मान्यताप्राप्त उपकरणाखेरीज अन्य उपकरण त्या क्षेत्रातील वास्तूत वापरू नये असा हुकूम काढावा, ही सारी तरतूद तेथे आहे. मान्य उपकरणाची व्याख्याही त्याच अधिनियमात दिलेली आहे. म्हणजे धुरावर निर्बंध असलेल्या भागात कोणती चूल चालेल, हे ठरवण्याची चौकट आपल्याकडे चार दशकांहून अधिक काळ पडून आहे. स्वयंपाकघरातील चुलीपर्यंत ती सहसा पोहोचली नाही, इतकेच.

चुलीचा विचार आपल्याकडे दुसऱ्याच बाजूने झाला. येथे चिंता आकाशाची नसून चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची होती. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून स्वातंत्र्याच्या सुमारास मगन चूल पुढे आली. १९५०च्या दशकात हैदराबाद अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीचा नमुना प्रसारात आणला. पुढे इंधनटंचाई आणि जंगलतोड यांची चर्चा तापली तेव्हा हरियाणातील नाडा गावी मधु सरीन यांच्या पुढाकाराने बायकांनी मातीत घडवलेली नाडा चूल आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) हे नमुने गाजले. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या मध्यापासून २००२पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. पुण्याच्या आरती या संस्थेने या काळात साच्यात घडवता येणारी लक्ष्मी चूल तयार केली, जिची मापे गवंड्याच्या अंदाजावर सोडलेली नव्हती. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण चुलीचे तोंड दोन बोटे मोठे झाले की आत येणारी हवा आणि भांड्याखालची ज्योत दोन्ही बिघडतात, हे ज्याने चूल घातली आहे त्याला सांगावे लागत नाही.

एवढा मोठा कार्यक्रम होऊनही त्याचे फळ अपेक्षेइतके का मिळाले नाही, याची उत्तरे पुढच्या अभ्यासांनी दिली. ओडिशातील घरांचा काही वर्षे माग घेऊन रेमा हॅना, एस्थर ड्युफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी २०१२ साली दाखवले की पहिल्या वर्षी श्वासात जाणारा धूर कमी होतो, पण नंतर चूल फुटते, धुराडे काजळीने भरते, डागडुजी कोणी करत नाही आणि लाभ विरून जातो. दुसरे उत्तर अधिक मूलभूत होते. किर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजून या विषयाला आकडे दिले, आणि त्यानंतरच्या कामातून स्पष्ट होत गेले की धुराडे धूर नाहीसा करत नाही, तो फक्त बाहेर काढतो. दाट वस्तीत एका घराबाहेर टाकलेला धूर शेजारच्या खिडकीतून आत येतो. म्हणून धूर-नियंत्रित भागात नुसते उंच धुराडे हे उत्तर होऊ शकत नाही. जळणेच सुधारावे लागते.

गोव्याच्या जुन्या घरात या धुराला कामही होते, हे विसरून चालणार नाही. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्यासाठी ठेवलेली सोले, सुके मासे, बियाण्याचे कणीस हे सगळे धुरावरच टिकत असे, आणि कौलांखालचे वासेही काजळीमुळे किडीपासून वाचत. मार्च ते मे या दिवसांत पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीबरोबर, लाकडेही भरून ठेवायची, नारळाची सोडणे आणि करवंट्या गोठ्याच्या कोपऱ्यात रचायच्या, चुडत्यांच्या मोळ्या बांधायच्या, हा क्रम ठरलेला होता. आता येथील नव्वद टक्क्यांहून अधिक घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन आहे. लाकूड उरले आहे ते न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली, हंगामात काजूच्या हुर्राक-फेणी या दारूच्या भाटीखाली आणि पोदेराच्या भट्टीत. त्यातही झाड तोडायला १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, त्यामुळे भट्टीत जाते ते बहुधा मिळेल ते लाकूड, आणि मिळेल तसे ओले-सुके.

ओल्या-सुक्याचा हा प्रश्न तांत्रिक बाजूचा गाभा आहे. लाकूड तापले की ते आधी वायू आणि डांबरी वाफा सोडते. या वाफांना पुरेशी हवा आणि सुमारे सहाशे अंशांहून अधिक उष्णता मिळाली तर त्या ज्योतीत जळून जातात, न मिळाली तर थंड होऊन धूर बनतात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, आणि ते पाणी उकळवण्यात उष्णता खर्च होते तोवर जाळाच्या वरचा भाग थंडच राहतो. आधुनिक कमी धुराच्या चुलींनी यावर शोधलेले उपाय मोजके आहेत. जाळाच्या वरच्या अंगाला तापवलेली दुय्यम हवा सोडणे, वायूंना वळसा घालायला लावणारी आडवी पट्टी बसवणे, कमी तापमानालाही वाफा जाळणारा उत्प्रेरक थर वापरणे, किंवा छोट्या पंख्याने हवा दाबून देणे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ साली लाकडी शेगड्यांना देशव्यापी मर्यादा घातली तेव्हा १९९० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उत्प्रेरक नसलेल्या शेगडीला तासाला साडेसात ग्रॅम आणि उत्प्रेरक असलेलीला ४.१ ग्रॅम धूर सोडण्याची मुभा होती. २०१५च्या नियमांनी ती मर्यादा २०२० पासून सरसकट २ ग्रॅमवर आणली, आणि घरात जाळतात तशा चिरफळ्यांवर चाचणी घेतल्यास २.५ ग्रॅमवर. चाचणीत कोणते लाकूड वापरले यावर आकडा बदलतो, याची ती एक कबुलीच होती. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून नव्या बंद शेगड्यांना घनमीटरमागे ४० मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे, आणि त्याआधीच, २०२१ पासून, इंग्लंडमध्ये किरकोळ विकल्या जाणाऱ्या लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओल असू नये असे बंधन आले. चुलीच्या कायद्याला अखेर लाकडाच्या वखारीपर्यंत जावे लागले.

गोव्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने हवाच इतकी दमट असते की उघड्यावर रचलेले लाकूड वाळत नाही, उलट ओल शोषते. तेव्हा उत्तमातली उत्तम चूल आणली आणि लाकूड झडीच्या पावसात अंगणात ठेवले, तर चाचणी-अहवालातला आकडा आपल्या घरी कधीच उमटणार नाही. चूल घेणाऱ्याने आधी छप्पर, खालून हवा खेळेल असे फळ्यांचे मचाण आणि एक उन्हाळा पुढचे लाकूड यांचा हिशेब करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. ओल मोजण्याचे दोन टोकांचे छोटे यंत्र आता सहज मिळते. त्याची टोके लाकडाच्या बाहेरच्या अंगाला न खुपसता, नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूला खुपसावीत.

भारतीय मानक ब्युरोचे घरगुती चुलीसाठीचे मानक आहे, आयएस १३१५२. त्याच्या २०१३च्या आवृत्तीनुसार नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी लागते. भांड्यात उतरलेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे कणांची मर्यादा पहिलीला ३५० आणि दुसरीला १५० मिलिग्रॅम आहे. दोन्हींतील फरक दुपटीहून अधिक आहे, म्हणून दाट वस्तीत राहणाऱ्याने पंख्याची चूल पाहावी; मात्र पंख्याला वीज किंवा चार्ज केलेली बॅटरी लागते, आणि इंधनाचे तुकडे बारीक करून घालावे लागतात, ज्याला सगळ्यांच्या घरी हात नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली घातलेली मर्यादा याहून कितीतरी कडक आहे: धुराडे नसलेल्या चुलीने मिनिटाला ०.२३ मिलिग्रॅम आणि धुराडे असलेलीने ०.८० मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म कण सोडू नयेत. लाकडावरच्या फार थोड्या चुली तेथवर पोहोचतात. विक्रेता नुसता ‘धूर येत नाही’ म्हणत असेल, तर चाचणी कोणत्या मानकाने, कोणत्या प्रयोगशाळेत आणि किती ओलीच्या लाकडावर झाली, हे लेखी मागणे रास्त आहे.

पोदेराची अडचण मात्र येथे सुटत नाही, कारण हे मानक हलवता येणाऱ्या चुलीसाठी आहे. त्याची भट्टी बांधलेली, घुमटाची. तीत जाळ आतच पेटवतात, घुमट आणि फरशी तापली की निखारे बाजूला ओढतात, ओल्या फडक्याने राख पुसून काढतात आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सरकवतात. पाव भाजला जातो तो साठवलेल्या उष्णतेवर. धूर येतो तो मुख्यतः पेटवणीच्या वेळी, जेव्हा भट्टी थंड आणि लाकूड भरगच्च असते, आणि ही वेळ बहुधा अंधाराची, जेव्हा जमिनीलगतची हवा हलत नाही. तासाभराची सरासरी काढणारी चाचणी या भट्टीला एकतर अन्यायाने नापास करील किंवा पेटवणी वगळून सहज पास करील. इतरत्र यावर वेगवेगळी उत्तरे निघाली. नेपल्सजवळच्या सान व्हितालियानो या गावाने डिसेंबर २०१५मध्ये गाळणी नसलेल्या लाकडी पिझ्झा-भट्ट्यांवर बंदी आणली. न्यूयॉर्क शहराने मे २०१६पूर्वी बसवलेल्या लाकडी आणि कोळशाच्या भट्ट्यांना कणांमध्ये ७५ टक्के घट करण्याचे बंधन घातले, म्हणजे भट्टी ठेवायची पण धुराड्यात गाळणी बसवायची. मुंबईत थेट इंधन बदलायला सांगितले गेले.

गाळणी पाण्याच्या फवाऱ्याची असो वा विद्युतभारित पट्ट्यांची, तिला जागा, वीज आणि नियमित सफाई लागते, आणि वडिलोपार्जित घराच्या मागीलदारी असलेल्या भट्टीला यातली पहिली गोष्टच दुर्मीळ असते. गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत पाव होतो, पण घुमटाची उष्णता वरून आणि खालून एकाच वेळी मिळून पोईला जे कवच येते ते तसे येत नाही, अशी जुन्या गिऱ्हाइकांची तक्रार असते. तिसरी वाट म्हणजे घुमट तोच ठेवून जाळ बाहेरच्या स्वतंत्र कोठीत, दुय्यम हवेसह पेटवायचा आणि उष्ण वायू आत न्यायचे. मात्र कलम १९खाली अशा भट्टीला मान्य उपकरण म्हणायचे तर तिची चाचणी पेटवणीपासून शेवटचा घाणा निघेपर्यंतच्या पूर्ण फेरीची, आणि पावसाळ्यातल्या लाकडावर घेतली पाहिजे.