वेल्च : कोळशाच्या गावाचं मत कसं पालटत गेलं

वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, डोंगरांच्या बेचक्यात वेल्च वसलं आहे. मॅकडॉवेल काउंटीचं, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचं, हे मुख्य ठाणं. २००८ मध्ये या काउंटीने डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांना निम्म्याहून अधिक मतं दिली. चारच वर्षांनी रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी इथे जवळपास ६४ टक्क्यांवर गेले आणि २०१६ मध्ये त्याच पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प सुमारे ७४ टक्क्यांवर. हे आकडे पाहून गाव अचानक उलटलं असं म्हटलं जातं. ते मला पटत नाही. इथली निष्ठा मुळात पक्षावर नव्हती, कामगार संघटनेवर होती, आणि ती संघटना त्याआधीच कित्येक वर्षं विरत आली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा सगळा टापू रिपब्लिकन होता. दक्षिणेतल्या राज्यांतून खाणकामासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांना इथे मतदानाचा हक्क बजावता येत होता आणि गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा हा पक्ष त्यांना आपला वाटे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात बसलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मिनी बकिंगहॅम हार्पर, १९२८ मध्ये याच काउंटीतून गेली. पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर तिची नेमणूक झाली होती. ती रिपब्लिकन होती.

मात्र खाणीच्या वस्तीत घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पुष्कळदा मजुरीही कंपनीच्याच टोकनांत. संघटनेचं नाव काढलं तर बिऱ्हाड रस्त्यावर यायचं. शेजारच्या मेटवान गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर, हातात शस्त्र नसताना, खाणमालकांसाठी काम करणाऱ्या खासगी गुप्तहेर संस्थेच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या संतापातून हजारो सशस्त्र खाणकामगार ब्लेअर माउंटनकडे निघाले. तो उठाव मोडला गेला. संघटनेचा हक्क कायद्याने मिळाला तो १९३३ मध्ये, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात. युनायटेड माइन वर्कर्स ही खाणकामगारांची संघटना आणि रूझवेल्ट यांचा डेमोक्रॅटिक पक्ष यांची गाठ इथे अशी बांधली गेली, आणि कृष्णवर्णीय खाणकामगारही हळूहळू तिकडे वळले.

१९६० मध्ये जॉन केनेडी या खाणपट्ट्यात फिरले. प्रॉटेस्टंटबहुल राज्यात कॅथलिक उमेदवार चालेल का, हा प्रश्न होता; १० मे रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांनी ह्युबर्ट हम्फ्रींना सुमारे ६१ विरुद्ध ३९ टक्क्यांनी हरवलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात गरिबांना अन्नखरेदीसाठी सरकारी कूपनं देणाऱ्या नव्या फूड स्टॅम्प योजनेतली देशातली पहिली खरेदी वेल्चमधल्या दुकानात झाली, १५ जणांच्या एका कुटुंबासाठी. सरकार आपल्या दाराशी येतं, हा अनुभव इथे खरोखर आला होता. त्यामुळे 'फुकटची सवय लागलेले लोक' हे या गावाबद्दल बोललं जाणारं वाक्य मला अन्यायाचं वाटतं. देशाच्या भट्ट्या पेटत्या ठेवणाऱ्यांवर ही वेळ का आली, हे त्यात येतच नाही.

ती वेळ आणली यंत्रांनी. १९५० च्या करारात संघटनेचे नेते जॉन एल. लुईस यांनी चांगली मजुरी आणि आरोग्य निधी यांच्या बदल्यात यांत्रिकीकरण मान्य केलं. कामं झपाट्याने घटली, कृष्णवर्णीयांची आधी. ऐंशीच्या दशकात पोलाद उद्योग ढासळला आणि गॅरी गावाजवळच्या यूएस स्टीलच्या खाणी बंद पडल्या. १९५० मध्ये ९८ हजारांवर असलेली काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये १९,१११ वर आली. गेलेल्यांत तरुण अधिक होते. जी घरं संघटनेच्या सभेत एकत्र बसायची, त्यांतली कितीतरी रिकामी झाली.

राज्यात २००० साली रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश जिंकले तेव्हाच वारं फिरलं होतं. बंदुका, धर्म आणि कोळशावरचे पर्यावरणीय निर्बंध यांनी राज्यातली कामगार मतं फोडली होती. मॅकडॉवेल त्यानंतरही आठ वर्षं डेमोक्रॅटिक पक्षासोबत टिकली. ओबामांच्या काळात कोळसा-वीज केंद्रांवरचे नियम कडक झाले, स्वस्त नैसर्गिक वायूने बाजारही खाल्ला. पण वायूविरुद्ध मत देता येत नाही. हिलरी क्लिंटन यांनी २००८ च्या प्राथमिक फेरीत या राज्यात ओबामांना धूळ चारली होती. मार्च २०१६ मध्ये, खाणकामगारांना पर्यायी रोजगार देण्याविषयी बोलताना, अनेक खाणकामगार आणि कोळसा कंपन्यांचा धंदा आपण बंद करणार, असं त्या बोलून गेल्या. मे महिन्यातल्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत बर्नी सँडर्स यांनी राज्यातल्या सगळ्या ५५ काउंटींत त्यांना मागे टाकलं. नोव्हेंबरमध्ये त्याच ५५ काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेल्या.