घरातील हायड्रोपोनिक बाग : मिरची व टोमॅटो (कोकण किनारा)

मातीऐवजी पोषकद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर मुळे पोसून आणि सूर्यप्रकाशाची उणीव एलईडी दिव्यांनी भरून काढून घराच्या बंदिस्त जागेत मिरची (कॅप्सिकम ॲन्युअम) व टोमॅटो (सोलॅनम लायकोपर्सिकम) ही फळपिके घेण्याची पद्धत. दोन्ही वनस्पती वांग्याच्याच, म्हणजे सोलॅनेसी, कुलातील असून मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. पोर्तुगीजांबरोबर त्या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्या. पालेभाज्यांच्या मानाने त्यांना प्रकाश, पोषण आणि वेळ यांची गरज बरीच जास्त असल्यामुळे घरातल्या बागेत लेट्यूस किंवा पालक जमला म्हणजे टोमॅटोही जमेल, असे गृहीत धरता येत नाही.

मातीविना वनस्पती वाढवण्याचे शास्त्रीय प्रयोग १८६०च्या दशकात जर्मनीत युलिउस फोन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी केले, परंतु त्यांचा हेतू वनस्पतीला कोणती मूलद्रव्ये लागतात हे शोधण्याचा होता. या पद्धतीने पीक काढण्याची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी पुढे आणली. द्रावणात वाढवलेले त्यांचे उंच टोमॅटोचे वेल त्या काळी गाजले आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ ही संज्ञाही त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत पोषक द्रावणाचे सूत्र दिले आणि चांगल्या कसदार जमिनीपेक्षा या पद्धतीने मुळातच जास्त उत्पन्न मिळते असे नाही, हेही स्पष्ट केले. हा निष्कर्ष आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पद्धतीचे खरे मोल जिथे जमीन किंवा हवामान साथ देत नाही तिथे कळते. भारतात १९४६ पासून कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी साध्या, स्वस्त साधनांवर आधारलेली मातीविना शेतीची पद्धत विकसित केली.

कोकणात जमीन आणि हवामान या दोन्हींची अडचण आहे. जांभ्यापासून बनलेली इथली माती आम्लधर्मी असून उष्ण व दमट हवेत तिच्यात राल्स्टोनिया सोलॅनासिअरम हा जिवाणू टिकून राहतो. त्याच्यामुळे होणाऱ्या मर रोगात हिरवेगार, फुलावर आलेले टोमॅटोचे झाड पाने पिवळी न पडताच दोन-तीन दिवसांत माना टाकते. वांगी व मिरचीलाही हा रोग होतो आणि एकदा परसात शिरला की त्याच जागी पुन्हा ही पिके घेणे कठीण होते. शिवाय जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असताना मांडवावरचे पडवळ, दोडके आणि काकडी तग धरतात, मिरची-टोमॅटो मात्र कुजून जातात. म्हणून कोकणी घरात मिरची ही परंपरेने भातकापणीनंतरची, हाताने शिंपण करून घेतलेली हिवाळी लागवड आहे, तर पावसाळ्यातला टोमॅटो बव्हंशी घाटावरून येतो. मुळांचा मातीशी संबंधच तोडल्यामुळे हायड्रोपोनिक बागेत मर रोगाची मुख्य वाट बंद होते, आणि छपराखाली असल्यामुळे पावसाचा मारा चुकतो. मात्र नर्सरीतून मातीसकट आणलेले रोप किंवा रोगट आवारातील विहिरीचे पाणी यांबरोबर जिवाणू आत आला, तर एकाच टाकीवर जोडलेल्या सर्व झाडांत तो पसरतो. म्हणून रोपे बियांपासून घरीच करणे इष्ट.

या पद्धतीवरील बहुतेक मार्गदर्शन थंड प्रदेशांत तयार झाले आहे. तिथे घर गरम ठेवणे आणि कोरडी हवा ओलसर करणे हे प्रश्न असतात. किनाऱ्यावर नेमके उलटे आहे, आणि ते न ओळखता केलेली मांडणी पहिल्याच पावसाळ्यात फसते.

दमट हवेचा परिणाम सर्वांत दूरगामी असतो. झाड पानांवाटे जितके बाष्प बाहेर टाकते त्या प्रमाणात मुळांतून पाणी वर चढते आणि त्या पाण्याबरोबरच कॅल्शियम वाहून नेले जाते. हवेत आणखी किती बाष्प मावेल याचे माप बाष्पदाबाच्या तुटीने देतात. फळपिकांना ही तूट साधारण ०.८ ते १.२ किलोपास्कल मानवते. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे आषाढातील कोणत्याही घरातील हवा, धरली तर ती जेमतेम ०.६ भरते. अशा हवेत द्रावणात भरपूर कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोहोचत नाही आणि टोमॅटोच्या किंवा ढोबळी मिरचीच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा डाग पाहून द्रावणात आणखी खत घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. द्रावण अधिक खारट झाल्याने मुळांना पाणी उचलणे आणखी जड जाते आणि डाग वाढतात. उपाय हवेत आहे: पाने सतत हलकी हलतील असा पंखा, झाडांत मोकळे अंतर, खालची जुनी पाने काढणे, आणि शक्य असल्यास आर्द्रता घटवणारे यंत्र. वातानुकूलित खोलीत हवा आपोआप कोरडी होत असल्याने शहरातील सदनिकेत हा प्रश्न जुन्या कौलारू घराच्या पडवीपेक्षा सौम्य असतो. दमट हवेत आणि अतिनील किरण नसलेल्या एलईडी प्रकाशात टोमॅटोच्या काही वाणांच्या पानांवर बारीक फोडांसारखे उंचवटे येतात. तो रोग नसून शरीरक्रियेतील बिघाड आहे, त्यावर औषध फवारू नये.

द्रावणाचे तापमान ही दुसरी अडचण होय. मुळांना श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो आणि पाणी तापले की तो कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज आणि पिथियम या मूळकुजीच्या जीवाची वाढ दोन्ही वाढतात. पांढरी, तजेलदार मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊ लागली की हेच घडले असे समजावे. द्रावण १८ ते २४ अंशांत ठेवण्याचा सल्ला पुस्तकांत असतो, परंतु किनाऱ्यावरील घरात यंत्राशिवाय ते साधत नाही. माठाचा उपायही पावसाळ्यात लागू पडत नाही, कारण माठ बाष्पीभवनाने गार होतो आणि हवाच बाष्पाने भरलेली असते. टाकी दिव्यांच्या उष्णतेपासून दूर, थेट फरशीवर ठेवणे, तिला बाहेरून पांढरा रंग देणे, दुपारी बर्फाची बंद बाटली आत सोडणे आणि हवेचा छोटा पंप चोवीस तास चालू ठेवणे, एवढ्याने २६-२७ अंशांपर्यंत उतरवता आले तरी मिरचीचे भागते.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोकण भाग्यवान आहे. कौलांवरून पन्हळीत उतरलेले पावसाचे पाणी, पहिल्या काही सरी वाहून जाऊ दिल्यानंतर, जवळजवळ क्षारमुक्त असते आणि द्रावणासाठी याहून चांगला पाया नाही. फक्त त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळीच नसल्याने ते पूर्णपणे खतांतून द्यावे लागते. जांभ्यातील विहिरींचे पाणीही बहुधा मृदू असते. खाडीकाठच्या विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात, तेव्हा त्यांचे पाणी वापरण्यापूर्वी विद्युतवाहकता (ईसी), म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, मोजणे आवश्यक ठरते. सोडियम झाड फारसे उचलत नाही, त्यामुळे पाणी वरून भरत गेले तसा तो टाकीत साठत जातो.

द्रावणासाठी ठिबक सिंचनाची विद्राव्य खतेच वापरतात आणि ती कृषी सेवा केंद्रांत मिळतात. पावसाच्या १० लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) ४ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट (००:५२:३४) २ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम घातल्यास लिटरमागे नत्र सुमारे १७५, पालाश मूलद्रव्यरूपात २०५, स्फुरद ४५, कॅल्शियम १५० आणि मॅग्नेशियम ३९ मिलिग्रॅम मिळते. विद्युतवाहकता दोन मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास येते, आणि ती फुलावर आलेल्या मिरचीला पुरते. जोडीला चिलेटेड (पाण्यात विरघळलेले राहील अशा रूपातील) लोहासह सूक्ष्म अन्नद्रव्ये द्यावी लागतात. रोपावस्थेत हेच द्रावण निम्मे पातळ करतात. टोमॅटोला फळे धरल्यावर ते अडीच ते तीनपर्यंत चढवले तर फळाची गोडी वाढते, आकार थोडा घटतो. कॅल्शियम नायट्रेट इतर खतांबरोबर घट्ट स्वरूपात कधीही मिसळू नये, कारण सल्फेट व फॉस्फेटशी संयोग होऊन पांढरा साका बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. एकेक खत भरपूर पाण्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे. पीएच ५.५ ते ६.५ असावा, मृदू पाण्यात तो झपाट्याने वरखाली होतो, म्हणून पहिल्या महिन्यात रोज मोजण्याची सवय लावून घेणे हिताचे असते.

मांडणीच्या अनेक पद्धती आहेत, पण कोकणात निवड ठरवते ती वीज. नळ्यांतून द्रावणाचा पातळ प्रवाह फिरवणाऱ्या पद्धतीत मुळांभोवती पाण्याचा साठाच नसतो. पंप थांबला की उन्हाळ्यात काही तासांत झाडे सुकतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एवढे मोठे संकट दरवर्षी येत नसले तरी वादळी पावसात वीज जाणे नित्याचे आहे. म्हणून नारळाच्या भुश्शाने (कोकोपीटने) भरलेल्या १५ ते २० लिटरच्या बादल्या आणि त्यांना दिवसातून काही वेळा द्रावणाचे पाट देणे ही पद्धत इथे अधिक भरवशाची ठरते: पंप बंद पडला तर तांब्याने द्रावण घालता येते. भुसा स्थानिक मिळतो हीही सोय आहे. परंतु काथ्यासाठी नारळाची सोडणे (वरची जाड साले) खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर भुश्शात मीठ मुरलेले असते. तो गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन, नंतर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळल्यावरच वापरावा. स्थिर पाण्याची, पंपाविना चालणारी बादलीही मिरचीच्या एखाद्या झाडासाठी चालते. तीत पाणी उतरत गेल्यावर वर उघडी पडलेली मुळे हवेतून प्राणवायू घेतात, म्हणून बादली पुन्हा काठोकाठ भरू नये. कोणतीही टाकी अपारदर्शक आणि घट्ट झाकणाची असावी. प्रकाश शिरला तर शेवाळ माजते, आणि फट राहिली तर डास अंडी घालतात. डेंग्यूच्या दिवसांत याकडे दुर्लक्ष करणे शेजाऱ्यांवरही अन्याय आहे.

प्रकाशाचा हिशेब आधीच करावा. फळे धरण्यासाठी दिवसाकाठी प्रति चौरस मीटर किमान २० मोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) प्रकाशकण पानांवर पडावे लागतात आणि पावसाळी खिडकीतून त्याचा लहानसा अंशच मिळतो. १०० वॅटचा चांगला एलईडी दिवा अर्ध्या चौरस मीटरवर १४ तास लावल्यास ही गरज जेमतेम भागते. तेवढ्या जागेत मिरचीची दोन-तीन बुटकी झाडे किंवा टोमॅटोचे एक झाड मावते आणि महिन्याला सुमारे ४२ युनिट वीज लागते. टोमॅटोला सलग चोवीस तास प्रकाश दिल्यास पाने पिवळी पडतात. दिवसाचा उकाडा टाळण्यासाठी काही जण दिवे रात्री लावतात. यात टाकी थोडी गार राहते हे खरे, पण झाडाची रात्र मग भर दुपारी येते आणि फळधारणेसाठी रात्रच थंड हवी असते. पहाटे पाचला दिवे लावून संध्याकाळी सातला बंद करणे हाच क्रम योग्य वाटतो.

फळधारणेच्या बाबतीत दोन पिकांचे मार्ग वेगळे होतात. टोमॅटोला रात्री १५ ते २० अंश तापमान सर्वांत मानवते. किनाऱ्यावर पावसाळ्यात रात्रीही पारा २४-२६ अंशांवर असतो, त्यामुळे परागकण कमकुवत राहतात आणि दमट हवेत ते चिकटून गोळा होतात. फूल स्वपरागित असले तरी परागकोशांच्या नळीतून पराग झटकला जावा लागतो. बाहेर हे काम वारा आणि गुंजारव करणाऱ्या मधमाश्या करतात, घरात सकाळी दहानंतर हवा थोडी कोरडी झाल्यावर घोसाच्या देठाला टिचकी मारून किंवा विजेवर चालणारा दातांचा ब्रश टेकवून ते करावे लागते. पुढे ३० अंशांवरील उष्णतेत लायकोपीन हे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नसल्याने फळ नारिंगीच राहते. असे फळ रंग फुटताच तोडून घरातल्या गार कोपऱ्यात पिकवावे. या सर्व कारणांमुळे मोठ्या फळांपेक्षा चेरी टोमॅटो इथे सरस ठरतो, आणि त्याची लागण कार्तिकात फुले येतील अशा बेताने केल्यास थंडीच्या रात्रींचा लाभ मिळतो. मोकळ्या वाढीच्या वेलाला सुतळीने वर बांधून बगलेतील फुटवे दर आठवड्याला खुडावे लागतात.

तिखट मिरची या हवेत रुळणारी आहे. पुसा ज्वालासारखा बुटका वाण, किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली कोकण कीर्ती, दिव्याखाली सहज मावते. ढोबळी मिरची मात्र ३२ अंशांपुढे फुले गाळते, म्हणून वातानुकूलित खोली नसेल तर तिचा हट्ट धरू नये. मिरचीचे बी उगवायला आठ ते चौदा दिवस घेते आणि पुनर्लागणीनंतर अडीच ते तीन महिन्यांनी तोडा सुरू होतो. ती मुळात बहुवर्षायू असल्याने बहर ओसरल्यावर निम्मी छाटली तर पुन्हा फुटते आणि एकच झाड दोन-तीन वर्षे चालते.

बंद घरातही पांढरी माशी, फुलकिडे व कोळी (बारीक अष्टपाद कीड) कपड्यांवरून किंवा खिडकीतून येतात, आणि भक्षक कीटक नसल्याने वेगाने वाढतात. फुलकिडे व कोळ्यांनी रस शोषल्यावर मिरचीची पाने चुरडतात, तर टोमॅटोत पर्णगुच्छ विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पिवळे-निळे चिकट सापळे, खिडकीला बारीक जाळी आणि पानांच्या खालच्या बाजूवर निंबोळी तेलाची फवारणी हे घरात चालण्यासारखे उपाय आहेत. तंबाखू मोझेक विषाणू दोन्ही पिकांवर पडतो आणि तो तंबाखूतही जिवंत राहतो, म्हणून तंबाखू मळणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाने साबणाने हात धुतल्याखेरीज झाडांना हात लावू नये.

टाकीतील द्रावण दोन ते तीन आठवड्यांनी बदलतात. उरलेल्या पाण्यात नत्र व पालाश शिल्लक असतात, त्यामुळे ते पातळ करून माडाच्या आळ्यात किंवा केळीच्या बुडाशी ओतता येते. विहिरीच्या आसपास मात्र ओतू नये, कारण सच्छिद्र जांभ्यातून नायट्रेट झपाट्याने खाली झिरपते आणि पिण्याच्या पाण्यात उतरते.