‘अवांतर’ वाचन आणि शिक्षक : पार्श्वभूमी

दर १५ ऑक्टोबरला शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे फोटो येऊन पडतात. साबणाच्या फेसातले हात आणि उघडी पुस्तकं. जागतिक हात धुवा दिन आणि वाचन प्रेरणा दिन यांची तारीख एकच. दोन्हींचा अहवाल त्याच दिवशी वर पाठवायचा असतो. मुलांना वाचायची गोडी लावणं हे शिक्षकाचं काम आहे, असं आज सगळे गृहीत धरतात. सरकारी कागदावर मात्र ते फार उशिरा उतरलं.

एकोणिसाव्या शतकातल्या शाळेत वाचन म्हणजे मोठ्याने वाचणं. अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरायचं. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, आले की मुलं उभी राहून धडा म्हणायची आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागायचा. अपवाद तेव्हाही होते, पुढेही झाले. १९२०च्या दशकात अमळनेरच्या छात्रालयात एक शिक्षक मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. त्यासाठी कुणाचं परिपत्रक आलं नव्हतं.

खरा गुंता एका शब्दाचा आहे : अवांतर. ‘अवांतर बोलू नका’ म्हणजे मुद्द्याचं बोला. क्रिकेटमध्ये अवांतर धावा संघाच्या खात्यात जमा होतात, पण कुठल्याच फलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनाला आपण हाच शब्द चिकटवला आणि त्याची गतही तीच झाली. मूल गोष्टीची पुस्तकं वाचू लागलं तर सगळ्यांनाच बरं वाटतं, पण ते ना भाषेच्या शिक्षकाच्या खात्यावर ना वर्गशिक्षकाच्या. काहींनी ‘पूरक वाचन’ हा शब्द पुढे केला. त्यातही मुख्य जेवण पाठ्यपुस्तकाचंच, हे तोंडी लावणं. दहावीच्या मराठीत ‘स्थूलवाचन’ आहे. नावावरून वाटतं की सैलपणे, भरभर, मजेत वाचायचे पाठ असावेत. प्रत्यक्षात त्यावर सहा गुणांचे प्रश्न येतात, म्हणून शिक्षक त्याच्याही टिपा लिहून देतात. गुण मिळाले की वाचन अवांतर राहत नाही, आणि बहुतेकदा वाचनही राहत नाही.

पुस्तकं शाळेत आली ती १९८६च्या राष्ट्रीय धोरणानंतरच्या खडू-फळा योजनेतून. नकाशे, खेळणी, विज्ञानपेटी आणि त्यांच्यासोबत गोष्टींची पुस्तकं. ती दाखल नोंदवहीत चढली, कपाट डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदीला, लागलं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये गेली. बदली झाली की चार्ज द्यायचा, एखादं पुस्तक कमी भरलं तर उत्तरही द्यायचं. मी पाहिलेल्या एका कपाटातल्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि नोंदवही मात्र अगदी चोख होती. त्या शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. पुस्तक फाटलं तर जाब विचारला जाई. कुणी वाचलंच नाही, तर कोण विचारणार?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं सांगितलं. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, इतका तपशील परिशिष्टात आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत : वेळेवर येणं, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करणं, मुलांची क्षमता तपासणं, पालकांना भेटणं. वाचनाची आवड लावणं त्यात नाही. शिवाय प्राथमिक शाळेत ग्रंथपाल नसतो. म्हणजे ग्रंथालय आलं, पण ते चालवायचं कुणी, हे कलमात नाही.

२०१५ साली दोन गोष्टी चार महिन्यांच्या अंतराने झाल्या. जूनमध्ये राज्य सरकारच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा निर्णय निघाला आणि मूल प्रगत की अप्रगत, हे वाचता येण्यावरूनही ठरू लागलं. ऑक्टोबरमध्ये माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला दप्तराविना वाचन प्रेरणा दिन आला. एका दिवसाने काय होणार, ही टीका तेव्हाच झाली आणि ती खोटी नव्हती. तरी मला तो दिवस महत्त्वाचा वाटतो. भर शाळेच्या वेळात कपाट उघडून मुलांना नुसतं वाचत बसू देणं, हा वेळेचा अपव्यय नाही, असं वरूनच आलं होतं. अनेक शिक्षकांना तेवढी मुभा पुरली. त्यांनी नंतर दोरीवर पुस्तकं टांगली, व्हरांड्यात वाचनकट्टे केले, हिशेब मुलांच्याच हाती दिला.

पण वाचन मोजणं आणि वाचायची गोडी लावणं या दोन कामांतलं मोजायचं कामच वरचढ ठरलं. २०२१ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. शिक्षक मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावतो आणि मूल पळत सुटतं. मधल्या चित्रावर थांबलं तर शब्द कमी भरतात.

माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका असते. दहावीच्या वर्गाला ती साधारण दिवाळीपर्यंत मिळते. पुढे गणिताचे सर पोर्शनसाठी मागून घेतात.