वेळेची चौकट : क्षणिक स्रोतांच्या न्यूट्रिनो-शोधाची पार्श्वभूमी

२३ फेब्रुवारी १९८७. मोठ्या मॅगेलन मेघ या शेजारच्या आकाशगंगेतल्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे सूक्ष्म कण) पृथ्वीवर पोहोचले. जपानमधले कामिओकांडे आणि अमेरिकेतले आयएमबी, दोन्ही पाण्याच्या टाक्या मुळात प्रोटॉनचा ऱ्हास शोधायला बांधलेल्या. कामिओकांडेत ११, आयएमबीत ८ आणि सोव्हिएत संघातल्या बाक्सानमध्ये ५ नोंदी सापडल्या. प्रत्येक ठिकाणी सारे १३ सेकंदांत आटोपले. प्रकाश त्यानंतर काही तासांनी आला, कारण गाभा कोसळताच न्यूट्रिनो निसटतात, प्रकाशाला मात्र आघातलहर पृष्ठभागापर्यंत यावी लागते.

घोळ झाला तो घड्याळांचा. आयएमबीची वेळ ५० मिलिसेकंदांपर्यंत अचूक होती, तर कामिओकांडेची एका मिनिटाने मागेपुढे असू शकत होती. आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताखालच्या डिटेक्टरने तर साडेचार तासांहून आधीच ५ नोंदी दाखवल्या. त्यांचा मेळ आजही सर्वमान्यपणे लागलेला नाही. पुढे आलेल्या 'स्न्यूज' या अतिनवताऱ्यांच्या इशारा-जाळ्याने नियमच केला: वेगवेगळ्या डिटेक्टरांचे संकेत १० सेकंदांच्या आत जुळले, तरच इशारा.

उच्च ऊर्जेच्या न्यूट्रिनोंबाबत अडचण वेगळी. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूबमध्ये घन किलोमीटर बर्फात ५,१६० संवेदक आहेत आणि त्यांत सेकंदाला २,५०० ते ३,००० म्युऑन (वैश्विक किरणांमुळे वातावरणात जन्मलेले कण) शिरतात. पृथ्वी भेदून खालून आलेलेच कण घेतले की म्युऑन गळतात, पण वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो उरतातच. ते गाळायला दिशा आणि वेळ, एवढीच साधने. गॅमा किरण स्फोटांत, म्हणजे दूरच्या अवकाशातल्या अल्पजीवी प्रचंड स्फोटांत, वेळ उपग्रहच सांगतो. काही सेकंदांच्या चौकटीत वातावरणातल्या न्यूट्रिनोंची भेसळ जवळजवळ शून्य, म्हणून एखादी नोंदही मोलाची. आणि म्हणूनच २०१२ मधला रिकामा निकाल बोलका ठरला: या स्फोटांतून येणाऱ्या न्यूट्रिनोंची कमाल मर्यादा तेव्हाच्या भाकितांच्या किमान ३.७ पट खाली गेली.

मग उलटी वाट धरली गेली: न्यूट्रिनो आधी, दुर्बिणी नंतर. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या नोंदीचा इशारा ४३ सेकंदांत गेला आणि त्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार (आपल्याकडे झोत रोखलेले, महाकाय कृष्णविवर असलेले आकाशगंगेचे केंद्र) भडकलेला आढळला. जुन्या विदेत (साठवलेल्या नोंदींत) शोधल्यावर २०१४-१५ मध्येही सुमारे १३ जादा नोंदी निघाल्या, पण तेव्हा गॅमा किरण शांत होते! दोन्ही पुरावे ३ ते ३.५ सिग्माचे (सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोग किती असंभव याचे माप), सूचक म्हणावेत, निर्णायक नव्हे.

चौकट नंतर बेतली तर योगायोगही पुरावा वाटतो. म्हणून गुरुत्वीय लहरींसोबतचे न्यूट्रिनो शोधताना घटनेभोवती ±५०० सेकंद आधीच ठरवलेले असतात; २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत त्यांत काही मिळाले नाही. कृष्णविवराने फाडलेल्या ताऱ्यांबाबत हा शिरस्ता पाळणे अवघड जाते: एटी२०१९डीएसजी या अशाच घटनेशी जोडलेला न्यूट्रिनो प्रकाशाच्या शिखरानंतर काही महिन्यांनी आला, आणि इतक्या रुंद चौकटीत भेसळही तितकीच शिरते.