जुन्या लष्करी रायफलीची किंमत कशी ठरते: ली-एनफील्डचं उदाहरण

लष्करी रायफल ही सरकारने लाखोंनी बनवून घेतलेली वस्तू, त्यामुळे नुसती जुनी आहे म्हणून तिला भाव येत नाही. आपल्याकडे जिला सगळे थ्री नॉट थ्री म्हणतात ती ली-एनफील्डच घ्या, तिचे सगळे प्रकार मिळून दीड कोटीच्या वर रायफली बनल्या असं मानतात, म्हणजे दुर्मिळ म्हणावी अशी ही वस्तूच नाही, आणि तरीही त्यातलीच एखादी साध्या रायफलीच्या कितीतरी पट किमतीला जाते. हा फरक कुठून येतो ते ओळखणं म्हणजे मूल्यांकन. शेवटी सगळं एका प्रश्नावर येतं, की फौजेतून बाहेर पडली तेव्हा ती जशी होती तशीच आज आहे का.

पहिलं काम नंबर जुळवायचं. १९०७ पासूनच्या एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड) मार्क ३ मध्ये रायफलीचा नंबर बॉडीवर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला पोलादी भाग), नळीवर, काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला, तोंडाकडच्या नोजकॅपवर, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या लाकडावर ठोकलेला असतो. हे सगळे जुळले तर ती 'मॅचिंग', आणि बाजारात या एका शब्दाने किंमत बरीच वर जाते. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा निघाला तर किंमत तर उतरतेच, पण तो प्रश्न सुरक्षेचाही आहे, कारण बोल्ट आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) यांच्यामधलं अंतर त्या त्या रायफलीपुरतं बसवलेलं असतं आणि जाणकार गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय अशी रायफल चालवूच नये. जुना नंबर रेघ मारून खोडलाय आणि शेजारी नवा ठोकलाय असं दिसलं तर बहुतेक वेळा ते लष्करी आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, काम असतं, तो त्या रायफलीच्या नोकरीचा भाग झाला. पण नंबर घासून काढलाय, भोवतीचं पोलाद उजळ दिसतंय आणि नव्या आकड्यांच्या कडा बोटाला टोचतायत असं असेल तर थांबा, कारण जुना शिक्का कितीही खोल असला तरी वर्षानुवर्षांच्या हाताळणीने त्याच्या कडा मऊ झालेल्या असतात.

मग लाकूड. माझ्या मते नवशिक्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण पॉलिशपेपरने घासून वार्निश मारलेला दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) फोटोत फार देखणा दिसतो. पण त्या घासण्यात कारखान्याचे, तपासनीसांचे, दुरुस्तीचे लाकडावरचे शिक्के निघून जातात आणि ते एकदा गेले की परत आणता येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. दस्त्याच्या मागे पितळेची पट्टी असते, तिच्या आणि लाकडाच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा. न घासलेलं लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा किंचित वर लागतं, घासलेलं लाकूड खाली गेलेलं असतं आणि पट्टीची कड अंगठ्याला अडते. फौजेत या लाकडाला जवसाचं तेल द्यायचे, त्याचा काळपट गडद रंग, तेलाचे डाग, ठोकरा हे सगळं तसंच ठेवायचं असतं. आपल्या घरात जुनी पितळी भांडी चिंच लावून लख्ख करायची सवय असते, ती इथे अगदी महागात पडते.

बारीकसारीक भागांनाही स्वतंत्र भाव आहे. पहिल्या महायुद्धाआधीच्या मार्क ३ वर डाव्या बाजूला लांब पल्ल्याची व्हॉली साइट असायची आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) बंद ठेवायची एक पट्टी, कट-ऑफ, असायची. १९१६ मध्ये उत्पादन वाढवायला साधा केलेला मार्क ३ स्टार आला, त्यात या गोष्टी गाळल्या, आणि जुन्या रायफली दुरुस्तीला आल्या की त्यांच्यावरच्याही बऱ्याचदा काढून टाकल्या. म्हणून मूळ व्हॉली साइट अजून जागेवर असलेली रायफल मिळणं अवघड, आणि म्हणूनच नकली व्हॉली साइट बनतात. दस्त्याच्या उजव्या बाजूच्या पितळी चकतीचंही तेच. तिच्यावर पलटणीची खूण असते, ओळखीच्या पलटणीची असेल तर लोक जास्त पैसे मोजतात, पण ती चकती एका स्क्रूवर बसते, काढून दुसरी लावायला दोन मिनिटं पुरतात. तेव्हा चकतीखालच्या लाकडाचा रंग आणि स्क्रूची खाच बघायची, खाच ताजी खरवडलेली दिसली तर त्या चकतीसाठी वेगळे पैसे देऊ नयेत.

काही शिक्के किंमत खाली आणतात. 'डीपी' म्हणजे फक्त कवायतीसाठी, ती रायफल गोळी झाडायला बाद ठरवलेली असते. 'एफटीआर' म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्त केलेली, ती दिसायला छान पण मूळ अवस्थेची नव्हे, जरी दुरुस्तीनंतर न वापरता राहिली असेल तर तिचाही वेगळा चाहतावर्ग आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकानंतर आलेल्या मालावर आयातदाराचं नाव कोरलेलं असतं, ते बारीक आणि नळीखाली असेल तर चालून जातं, बॉडीवर ठळक असेल तर खटकतं. युद्धानंतर शिकारीसाठी हजारो रायफलींचं पुढचं लाकूड कापलं गेलं. नळी शाबूत असेल तर दुसरं लाकूड लावून ती उभी करता येते, पण तिला अस्सलचा भाव मिळत नाही आणि मागूही नये. नळीच कापली असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने विषय संपला.

सगळ्यात कठीण परीक्षा नंबर ४ मार्क १ (टी) या स्नायपर रायफलीची. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातल्या चाचणीत नेम चांगला लागलेल्या नंबर ४ (एसएमएलईनंतरचा ली-एनफील्डचा प्रकार) रायफली बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवायचे, तिथे त्यांना दुर्बिणीच्या ब्रॅकेटसाठी दोन पॅड आणि गाल टेकवायचा लाकडी ठोकळा बसवायचे. अशा वीस हजारांहून जास्त झाल्या, त्यातल्या बहुतेक बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या. कॅनडातल्या लाँग ब्रँचमध्ये बनलेल्या त्या मानाने फार थोड्या, म्हणून जास्त महाग. खऱ्या (टी) च्या बॉडीवर डाव्या बाजूला 'टी', हॉलंडकडे तयार झालेल्यांच्या दस्त्याच्या खालच्या बाजूला त्यांचा सांकेतिक शिक्का 'एस ५१', बऱ्याच रायफलींवर 'टीआर', ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर आणि दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा नंबर असतो. म्हणजे रायफल ब्रॅकेटकडे बोट दाखवते आणि दस्ता दुर्बिणीकडे, आणि ही साखळी पूर्ण असली तरच पूर्ण किंमत. दुर्बीण नंबर ३२, मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली, तिचा पत्र्याचा डबा आणि रायफलीची लाकडी पेटीसुद्धा नंबरानिशी मिळाली तर सोन्याहून पिवळं. साध्या नंबर ४ ला नवे पॅड लावून, 'टी' ठोकून, नकली दुर्बीण चढवून विकायचे प्रकार होतात, म्हणून फोटोवर सौदा करायचाच नाही, सगळे शिक्के एकमेकांशी ताडून बघायचे.

नंबर ५ म्हणजे तथाकथित जंगल कार्बाइन, या आखूड, हलक्या ली-एनफील्डमध्येही नकलेचा त्रास आहे. ती १९४४ ते १९४७ एवढीच बनली आणि पुढे साध्या नंबर ४ कापून, तोंडाला नरसाळ्यासारखं फ्लॅश हायडर (गोळी सुटतानाची ज्वाला झाकणारा भाग) लावून तशा दिसणाऱ्या रायफली बाजारात आल्या. लाकूड उतरवून बघितलं की उलगडा होतो. वजन कमी करायला खऱ्या नंबर ५ च्या बॉडीत आणि नळीच्या जाड बुंध्यात मुद्दाम खाचा काढलेल्या असतात, नकलीच्या नळीचा बुंधा तसाच जाडजूड राहिलेला असतो.

मूळपणाचा हा नियम बाकीच्या देशांच्या रायफलींनाही लागू आहे. जपानच्या अरिसाका रायफलीवर सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल कोरलेलं असायचं आणि शरणागतीच्या वेळी ते बहुतेक रायफलींवरून घासून टाकलं गेलं, आज फूल शाबूत असलेली अरिसाका घासलेलीपेक्षा महाग जाते. सोबत ती घरी आणणाऱ्या सैनिकाच्या नावाचा त्या काळातला कागद असेल तर आणखी. तोंडी गोष्टीला मात्र, ती कितीही हृदयस्पर्शी असली तरी, पैसे मोजू नयेत. भाव काढायचा तोही विक्रेत्याने लिहिलेल्या आकड्यावरून नको, लिलावात प्रत्यक्ष किती रकमेला गेली ते बघायचं आणि त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही हेही. ब्रिटनमध्ये निकामी केलेल्या रायफलींचा वेगळा बाजार आहे, तिथे १९९५ च्या आधी निकामी केलेली, बोल्ट हलणारी रायफल नंतरच्यापेक्षा जास्त आवडीने घेतात.

भारताचा संबंध थेट आहे. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड बनायची. जुन्या इशापुरी रायफलीवर मुकुट आणि 'जीआरआय' ही ब्रिटिश राजाची अक्षरं असतात, स्वातंत्र्यानंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह, आणि १९६० च्या दशकात इशापूरने हीच रचना ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी वापरून २ए आणि २ए१ काढल्या. पूर्वी त्या परदेशात स्वस्तातला माल समजल्या जायच्या, पण आता त्यांच्या शिक्क्यांचा नीट अभ्यास करणारे लोक आहेत आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं. इथे मात्र .३०३ ही सामान्य नागरिकाला मिळणारी बोअर (नळीचं माप) नाही, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे थ्री नॉट थ्री आपण पाहिलेली असते ती पोलिसाच्या खांद्यावर, एनसीसीच्या कवायतीत किंवा संग्रहालयाच्या काचेआड. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमवणाऱ्यांना तर पुण्याजवळची खडकी चांगलीच माहीत आहे, तिथल्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या .३०३ च्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' असतं, म्हणजे किर्की फॅक्टरी, आणि शेजारी सालाचे दोन आकडे.